राहत नसलेल्या घरातून नाव कमी करणेबाबत

माणसाचं प्रेम मोडलं की त्याने काय करावं, याबद्दल जगात बरीच मतं आहेत. कोणी दाढी वाढवतो, कोणी व्यायामशाळेत नाव घालतो, कोणी रोज एकच गाणं लावून घरच्यांचा जीव नकोसा करतो. आमच्या प्रवक्त्याने मतदार यादीतलं आपलं नाव हलवायचं ठरवलं. त्यापेक्षा दाढी परवडली असती, असं पुढे त्याच्या आईनेही बोलून दाखवलं.

प्रवक्ता हे काही त्याचं खरं नाव नाही. वय सव्वीस, नोकरी चष्म्याच्या दुकानात. मागच्या खोलीत बसून चाकावर काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, एवढंच काम. पण ते करताना समोर जो सापडेल त्याला देश कसा चाललाय आणि कसा चालायला हवा, हे तो समजावून सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं चष्म्यावाचून आंधळं, उठून जाणार कुठे? कुठल्याही पक्षाने नेमलेलं नसताना इतकं बोलणारा माणूस दुकानाच्या मालकांनी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं आणि ते गल्लीभर झालं.

तर या प्रवक्त्याचं एका मुलीवर प्रेम होतं आणि मुलगी जनावरांची डॉक्टर होती. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अरे, पण आपल्या घरात जनावर कुठंय?" बाबांनी पेपरातून मान वर न काढता प्रवक्त्याकडे बोट दाखवलं.

लग्न करायचं आणि तिच्या वडिलांच्या घरी वरची खोली रिकामी होती तिथे राहायचं, असं ठरलं होतं. प्रवक्त्याने उत्साहाच्या भरात दोन शर्ट, एक टेबलफॅन, जुन्या चपला आणि वर्तमानपत्राच्या कात्रणांचं एक खोकं त्या खोलीत आधीच नेऊन टाकलं. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण येत्या निवडणुकीत दोघांनी एकाच रांगेत उभं राहून मत द्यायचं, अशी कल्पना निघाली. प्रेमातली माणसं बागेत जातात, ही दोघं निवडणूक कार्यालयात गेली आणि त्याचं नाव तिच्या पत्त्यावर घालून आली. अर्जात 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा रकाना होता. भाडेकरू लिहावं तर करारनामा लागतो. तेव्हा तिने हसत हसत 'जावई' लिहिलं, घरातली सज्ञान व्यक्ती म्हणून खाली सही ठोकली, आणि प्रवक्ता सरकारदरबारी जावई झाला. लग्न तेवढं राहून गेलं.

ते का राहिलं, हे प्रवक्त्याने पुढच्या तीन महिन्यांत किमान चाळीस जणांना सांगितलं. कारण वैचारिक होतं. देशात मुख्य पक्ष दोन, शिडी आणि बादली. हा बादलीचा, ती शिडीची. एका संध्याकाळी दोघं चहा प्यायला बसले असताना ती म्हणाली की दवाखान्यात औषध नव्हतं. हा म्हणाला, बघ, हे तुझ्या शिडीवाल्यांचं राज्य. तिथून विषय आरोग्य खात्यावर गेला, तिथून कालव्यांवर, तिथून परराष्ट्र धोरणावर, आणि पावणेदोन तासांनी ती उठली. जाताना म्हणाली, "तू देशाशीच लग्न कर." एवढं सांगून प्रवक्ता एक उसासा टाकायचा. "मुलगी गुणी होती हो," तो म्हणायचा, "पण मध्ये शिडी आली."

ऐकणारे हळहळायचे. राजकारणापायी प्रेम मोडणं यात एक इभ्रत असते. पण काचा घासताना एकटा असला की त्याची गडबड उडायची. महागाईचे आकडे आठवायला जावं तर तिच्या मनगटावरचे मांजरांचे ओरखडे आठवायचे. तिचा राग आणायला जावं तर अर्थमंत्र्यांचा यायचा. कोण आपल्याशी कसं वागलं याचा हिशोबच लागेना. देशाने आणि तिने मिळून आपल्याला गंडवलं, अशा काहीशा निष्कर्षावर तो रोज दुपारी यायचा आणि जेवायला उठायचा.

मग निवडणूक जाहीर झाली आणि कच्ची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लागली.

ती सगळ्यात आधी वाचली वायरमनकाकांनी. हे प्रवक्त्याच्या वरच्या मजल्यावर राहतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसऱ्यांचे प्रश्न सोडवण्यावाचून काम नाही. त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "अहो जावई!" आणि तीन दारं उघडली. पत्ता, घर क्रमांक, सासऱ्यांचं नाव, सगळं छापील होतं. प्रवक्ता तिच्या घराचा जावई आहे, हे आता ज्याला वाचता येतं त्या प्रत्येकाला कळणार होतं, आणि मत द्यायचं तर तिच्याच गल्लीतल्या केंद्रावर, तिच्याच पाठोपाठच्या अनुक्रमांकावर.

"जाऊच नकोस मत द्यायला," आई म्हणाली.

हे म्हणजे आचाऱ्याला उपास सांगण्यासारखं झालं. सहा वर्षं देशाबद्दल तोंड दुखेपर्यंत बोललेला माणूस मत द्यायला गेला नाही, तर मालक त्याला जन्मभर सोडणार नव्हते. आणि गेला, तर तिच्यासमोर रांगेत मान खाली घालून उभं राहायचं. दोन्हीकडून अब्रू जाणार. यादीतल्या दुरुस्त्यांची मुदत पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला संपत होती, तेव्हा तिच्या आत नाव परत आपल्या घरी आणायचं, असं त्याने ठरवलं. हातात दीड महिना होता. नाव तर हलवायचंय, पियानो थोडाच हलवायचाय, असं तो मालकांना म्हणाला.

निवडणूक कार्यालयात खिडकी क्रमांक सहा. तिथे ज्या बाई बसतात त्यांच्या टेबलावर एक कुंडी आहे आणि बोलताना त्या कुंडीकडे बघून बोलतात.

"नाव कमी करायचंय," प्रवक्ता म्हणाला.

"मयत आहात का?" खिडकीबाईंनी विचारलं.

"नाही."

"मयताचं लगेच होतं," बाई कुंडीला म्हणाल्या. "जिवंताला वेळ लागतो."

प्रवक्त्याने या प्रसंगी कारभाराच्या एकूण अवस्थेवर दोन वाक्यं बोलून घेतली. बाईंनी ती होऊ दिली आणि मग एक अर्ज पुढे सरकवला. त्यात एक छापील वाक्य होतं: 'सदर इसम आमच्या घरी राहत होता व आता राहत नाही.' खाली त्या घरातल्या सज्ञान मतदाराची सही. त्याशिवाय नाव हलणार नाही.

"पण मी तिथे कधी राहिलोच नाही."

"मग नाव कसं लागलं?"

"प्रेमामुळे."

बाईंनी पहिल्यांदाच कुंडीवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं. "तो रकाना नाही आमच्याकडे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता सही आणायची म्हणजे तिच्या घरी जायचं. प्रवक्ता म्हणाला, मान कापून देईन पण तिथे जाणार नाही. मालक म्हणाले, पोस्टाने पाठव. आई म्हणाली, मी जाऊन आणते, त्या निमित्ताने तिला बघेन तरी, सुकली असेल. बाबा म्हणाले, ती कशाला सुकेल, सुटली. आणि वायरमनकाका म्हणाले, "सहीबिही कशाला? मी आहे ना."

काका म्हणाले 'मी आहे ना', की गल्लीतली जाणती माणसं दिव्याची बटणं तपासतात. पण प्रवक्त्याची मती गुंग झाली होती. काकांनी स्वतःच्या नावाने एक हरकत अर्ज ठोकला, की अमुक पत्त्यावर अमुक इसम जावई म्हणून लागला असून तो तिथे राहत नाही हे आपण खात्रीने जाणतो, तरी चौकशी व्हावी. अर्ज देऊन आल्यावर त्यांनी प्रवक्त्याच्या आईकडून दोन कप चहा वसूल केला.

चौकशी झाली. आपल्याकडे चौकशी होत नाही असं म्हणतात, पण नको तिथे चोख होते. एक तपासनीस तिच्या घरी जाऊन वरची खोली बघून आला आणि तीन आठवड्यांनी अहवालाची प्रत पोस्टाने आली. प्रवक्त्याने ती काच घासायच्या दिव्याखाली धरून वाचली. 'सदर खोलीत इसमाचे दोन शर्ट (पैकी एक इस्त्री केलेला), एक टेबलफॅन (चालू स्थितीत), एक चपलांचा जोड व कात्रणांचे खोके आढळले. घरमालकांनी वस्तू इसमाच्याच असल्याचे मान्य केले. सबब इसमाचे वास्तव्य सिद्ध होत असून हरकत फेटाळण्यात येत आहे.'

म्हणजे जे आजवर नुसतं छापलं होतं, ते आता सिद्ध झालं होतं. दोन दिवसांनी घरी दुसरं पत्र आलं. आपल्या कुटुंबातील सदर इसम अन्यत्र राहत असल्याचे सिद्ध झाल्याने त्यास आपल्या पत्त्यावर दाखवू नये. बाबांनी ते दोनदा वाचलं. "तू इथे राहत नाहीस म्हणे," ते म्हणाले. "मग रोज आंघोळीला दीड तास कोण लावतं?"

काका चार दिवस जिन्यात दिसले नाहीत.

प्रवक्ता खिडकीवर गेला. खिडकीबाई म्हणाल्या, आता तर सही हवीच, आणि सामानही हलवा. प्रवक्त्याने लोकशाहीवर बोलायला तोंड उघडलं. बाई म्हणाल्या, "उद्या वीस तारीख. बोलत बसाल तर तीही जाईल." तोंड मिटून तो बाहेर आला. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली होती आणि ती काही केल्या निघेना. शर्ट ठेवले तेव्हा दोन्ही चुरगळलेले होते. मग इस्त्री केली कोणी?

वीस तारखेला दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून तो तिच्या घरी गेला. वाटभर त्याने भाषण तयार केलं होतं. दार तिच्या वडिलांनी उघडलं. हे सरकारी भूमापक होते. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि एका वितीसाठी भावाभावांची भांडणं बघितली, त्यामुळे बोलण्यात इंचाचा फरक त्यांना खपत नसे.

"या जावई," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की शासकीय नोंद होती, ते चेहऱ्यावरून कळेना.

प्रवक्त्याने अर्ज पुढे केला. त्यांनी चष्मा लावला. तो प्रवक्त्यानेच बसवून दिलेला होता. छापील वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि अर्ज परत दिला.

"यावर सही होणार नाही."

"का हो काका?"

"यात लिहिलंय, राहत होता. तू कधी राहिला होतास?"

"नाही."

"मग राहत होता असं मी खोटं कसं लिहून देऊ?"

"पण आता राहत नाही, हे तर खरं ना?"

"ते खरं. पण अर्धं वाक्य खरं म्हणून अर्धी सही करता येत नाही."

"त्या तपासनिसाला तुम्ही सांगायचं होतं, मी राहत नाही म्हणून."

"त्याने विचारलं, वस्तू कुणाच्या. मी सांगितलं, तुझ्या. माणूस कुठाय हे त्याने विचारलंच नाही."

प्रवक्त्याने कपाळावर हात मारला. सबंध सरकारी यंत्रणेत एकच प्रामाणिक माणूस निघावा आणि तो नेमका आपला न झालेला सासरा असावा, याचं त्याला रडू येऊ लागलं. घड्याळात साडेतीन वाजले होते. खिडकी पाचला बंद.

तेवढ्यात ती आली. अंगाला जंतुनाशकाचा वास, कोपरावर नवी पट्टी, बुटांना चिखल. त्याला बघून दारातच थांबली. अर्ज बघितला, वडिलांकडे बघितलं, आणि काय झालं असणार ते तिच्या लक्षात आलं.

"आण इकडे," ती म्हणाली. "पहिलं खोटं मी लिहिलं होतं. दुसरंही मीच लिहिते."

वडील उठून आत गेले. खोटं लिहिताना बघणंही त्यांना जमत नसावं. तिने पेन काढलं आणि वाक्याखालच्या रकान्यापाशी थांबली. 'नाव कमी करण्याचे कारण.' पुढे एकच ओळ होती.

"कारण काय लिहू?"

"लिही, राजकीय मतभेद," प्रवक्ता म्हणाला. हे वाक्य त्याचं पाठ होतं.

"कसले राजकीय?"

"तू शिडीची, मी..."

"मी शिडीची कधी होते?" तिने पेन खाली ठेवलं. "एकदा म्हटलं होतं, त्यांचा तो टक्कल असलेला उमेदवार बोलतो बरं. तेवढ्यावर तू मला शिडीवर चढवलंस ते खाली उतरूच दिलं नाहीस."

"पण त्या दिवशी भांडण तर त्यावरूनच झालं."

"त्या दिवशी मी काय सांगत होते, आठवतंय?"

आठवत कसं नाही? चाळीस जणांना सांगितलं होतं. "दवाखान्यात औषध नव्हतं."

"मग?"

"मग मी म्हटलं, हे शिडीवाल्यांचं..."

"त्याच्या पुढे मी काय सांगणार होते?"

पुढे काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. पुढे तर तोच बोलला होता.

"एक घोडी होती," ती म्हणाली. "गाडीवाल्याची. पोटात पीळ पडलेला. औषध नव्हतं आणि मी एकटी होते. चार तास मी तिथे बसले. माझ्या हातात गेलेलं ते पहिलं जनावर. तिचा मालक रडत होता आणि मलाच धीर देत होता. मला तिथून घरी जाववेना, म्हणून तुला चहाला बोलावलं. आणि तू मला पावणेदोन तास परराष्ट्र धोरण सांगितलंस."

प्रवक्त्याने वाटभर तयार केलेल्या भाषणात घोडी कुठेच नव्हती. आपण चुकलो, हे त्याला सव्वीस वर्षांत बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, पण ते खरं असल्याचं हे पहिल्यांदाच. त्याला लाज वाटली. पावणेदोन तासांत तिने एकदाही चहाचा कप उचलला नव्हता, हे त्याला आत्ता आठवलं.

तिने पेन उचललं, कारणाच्या ओळीवर दोन शब्द लिहिले, सही केली आणि अर्ज त्याच्या हातात दिला. "पाचच्या आत पोच. शर्ट आणि बाकीचं सामान नंतर ने." आणि ती हातपाय धुवायला गेली.

अर्ज त्याने वाटेत उघडून बघितला नाही. खिडकी क्रमांक सहावर पोचला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. खिडकीबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचलं.

"कारण: ऐकत नाही."

मागे रांगेत कोणीतरी खोकलं.

"अहो, हे कसलं कारण? आमच्या यादीत चारच आहेत. स्थलांतर, विवाह, मृत्यू, दुबार नोंद. या कारणाने नावं कमी करायला लागलो तर घराघरातला एकेक माणूस जाईल." बाईंनी घड्याळ बघितलं आणि त्यांना दया आली असावी. दीड महिन्यात कुंडीखालोखाल त्यांनी यालाच बघितलं होतं. "हे घ्या पेन. खोडून स्थलांतर लिहा. मी घेते चालवून."

एवढंच करायचं होतं. दोन शब्द खोडायचे, एक लिहायचा. दीड महिना ज्याच्यासाठी आईचा चहा आणि स्वतःची झोप घालवली, ते हातभर अंतरावर होतं. नाव सुटलं असतं, रांगेत मान खाली घालावी लागली नसती. प्रवक्त्याने पेन घेतलं, ते दोन शब्द परत वाचले आणि पेन खिडकीत ठेवलं.

"खोडता येणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"खरं आहे ते."

"अहो, मग नाव तिथेच राहील."

"राहू दे."

"दीड महिना माझं डोकं कशाला खाल्लंत मग?" बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मतदानाच्या दिवशी वायरमनकाका म्हणाले, मी येतो सोबत, मी आहे ना. प्रवक्त्याने त्यांना हात जोडले आणि एकटाच गेला. केंद्र तिच्या गल्लीतल्या शाळेत होतं. रांग फाटकाबाहेर आली होती आणि शेवटून दुसरी ती उभी होती. अनुक्रमांकाप्रमाणे उभं राहायची काही सक्ती नव्हती, पण तिच्या मागे एक माणूस होता तो भला होता. त्याने भिंतीवरची यादी वाचलेली असावी. "या, घरची माणसं एकत्र असू देत," असं म्हणून त्याने प्रवक्त्याला आपल्या पुढे घेतलं. ती मागे वळली. निघून जा असं म्हणाली नाही, पुन्हा पुढे तोंड करून उभी राहिली.

दहा मिनिटं रांग हलली नाही. मग त्या भल्या माणसाने प्रवक्त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"काय वाटतं तुम्हाला? शिडी की बादली? देशाचं काय होणार?"

सहा वर्षांत हा प्रश्न आपण होऊन कोणी विचारला नव्हता. प्रत्येक वेळी प्रवक्त्यालाच तो ओढूनताणून आणावा लागे. जीभ नुसती खाजली. आकडे तयार होते, सालं तयार होती, कालव्यांची लांबी तोंडपाठ होती. तिची पाठ ताठ झालेली त्याला दिसली. आता हा सुरू होणार, हे तिला माहीत होतं.

"मला नाही सांगता येणार," प्रवक्ता त्या माणसाला म्हणाला. मग पुढे झुकून त्याने तिला हळूच विचारलं, "त्या घोडीचं नाव काय होतं?"

रांग एकदाची हलली, तीही एक पाऊल पुढे सरकली. त्याला वाटलं, ऐकलंच नाही.

"नाव नव्हतं," ती म्हणाली. "तो तिला ताई म्हणायचा."

आणि मग ती वळली आणि सांगायला लागली, सकाळी ती घोडी कशी चालत आली होती तिथपासून. रांग पुढे सरकत होती. मागचा माणूस दोनदा म्हणाला, चला, पुढे व्हा. प्रवक्ता एक शब्द बोलला नाही.